बिनआमंत्रणाची नेरिस

"बोलिव्हियाच्या वकिलातीतून," नेरिस म्हणाली आणि उत्तराची वाट न पाहता तिनं पाऊल आत टाकलं.

समोर छत्री आडवी आली. काळी, भलीमोठी, निथळणारी छत्री. तिच्या मागे एक उंच, हडकुळा तरुण उभा होता. लांब नाक, ओले कान आणि हातात पाहुण्यांच्या नावांची फळी.

"बोलिव्हियाच्या बाई मघाशीच आत गेल्या," तो म्हणाला. "दोघी गेल्या. त्यातल्या एकीला तर दाढी होती. तिसरीला आता जागा नाही. दुसरं काहीतरी सांगा."

"दुसरं... म्हणजे?"

"म्हणजे जरा बरं. दुपारपासून पावसात उभा आहे मी. संध्याकाळभर तीच तीच वकिलात ऐकतोय."

नेरिसनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. दारावरची माणसं तिनं बरीच पाहिली होती. काही गुरगुरत, काही लाजत, एकजण तर शिंकत शिंकतच सगळ्यांना आत सोडत असे. पण थाप नापसंत करून दुसरी मागणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होता. आत एका नामांकित जॉकीच्या आत्मचरित्राचा प्रकाशन समारंभ चालला होता. भाजलेल्या सॉसेजचा वास दारातून बाहेर येत होता आणि तिच्या पोटात सकाळपासून एका टोस्टशिवाय काही नव्हतं.

"मी दातांची डॉक्टर आहे," ती म्हणाली. "घोड्यांच्या."

"कोणत्या घोड्याच्या?"

"ज्याच्यावरून हे गृहस्थ पडले, त्या घोड्याच्या. त्याची दाढ दुखत होती. पडण्याचं खरं कारण ते. पुस्तकात घोड्यावर सगळा ठपका ठेवलाय म्हणे... मी त्याची बाजू मांडायला आलेय."

तरुणानं फळीवर काहीतरी खरडलं. मग त्यानं छत्री बाजूला घेतली.

"या, डॉक्टर. कोळंबीच्या वाटेला मात्र जाऊ नका. ती दुपारपासून हीटरजवळ बसून आहे."

अँब्रोज टिलिंग आणि नेरिस प्रोबर्ट यांची ही पहिली भेट.

लंडनमध्ये त्या दिवसांत रोज संध्याकाळी कुणी ना कुणी कशाचा तरी गाजावाजा करत असे. नवा साबण, नवी कादंबरी, नवा मुरंबा. खांद्यांत उशा शिवलेले कोट घालून बायका येत, वाइन वाहत असे, आणि वर्तमानपत्रात दोन ओळी छापून याव्यात म्हणून कंपन्या शे-दोनशे माणसांना खाऊ घालत. या गर्दीत ज्यांना कुणीही बोलावलेलं नसे ते लिगर. फुकट खाणारे, फुकट पिणारे, कुणाच्याही आनंदात टाळ्या वाजवणारे. त्यांचा म्होरक्या म्हणजे म्हातारा मिस्टर पॉमफ्री. त्याच्या ओव्हरकोटाच्या खिशांना आतून मेणकापड लावलेलं होतं आणि उजव्या खिशात एकदा अख्खी भाजलेली कोंबडी तिच्या बटाट्यांसकट मावली होती. तो एका माणसाच्या श्राद्धभोजनात इतका मनापासून रडला की वकिलानं त्याला मृत्युपत्र वाचायच्या वेळी मुद्दाम थांबवून घेतलं, आणि त्याच्या वाट्याला एक पोपट आला. पोपट त्यानं नाकारला. लिगर खातो-पितो, घरी काही नेत नाही, असं त्याचं म्हणणं. कोंबडीचं सोडून.

नेरिस त्याची सगळ्यात गुणी चेली. वेल्समधल्या एका खाणीच्या गावातून ती लंडनला आली आणि बटणांच्या एका घाऊक दुकानात कारकून म्हणून लागली. पहिल्याच नाताळात दुकानाची मेजवानी होती. ती नवा झगा घालून गेली आणि दारावर खरं नाव सांगितलं. दारावर त्यांचाच हिशेबनीस उभा होता, रोज तिच्या शेजारच्या टेबलाशी बसणारा. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "नेरिस? कोण नेरिस?" ती परत फिरली. खोलीवर येऊन तिनं डबाबंद घेवड्याचे दाणे थंडच खाल्ले. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका दारावर, निव्वळ चिडून, तिनं आपण डेन्मार्कच्या राजघराण्याची केशभूषाकार असल्याचं सांगितलं. त्यांनी तिचा कोट हातात घेतला, तिला खुर्ची दिली आणि वर विचारलं की थंडी तर नाही ना वाजत. तेव्हापासून नेरिस प्रोबर्ट फक्त बटणांच्या दुकानात असे. संध्याकाळी तिच्या जागी कुणीतरी दुसरीच बाई बाहेर पडे.

अँब्रोज मिसेस ग्रँगर नावाच्या जाहिरातवाल्या बाईंकडे नोकरीला होता आणि बाईंच्या समारंभांना काही तोटा नव्हता. त्यामुळे दुसरी भेट लगेच झाली.

"आज कोण?" त्यानं विचारलं. आत एका चित्रकाराचं प्रदर्शन होतं.

"मोठ्या चित्रातल्या गृहस्थांची विधवा."

"ते गृहस्थ आत उभे आहेत. चांगले धडधाकट. आत्ताच तिसरा पेला घेतला त्यांनी."

"मग..." नेरिसनं हातमोजा सारखा केला, "मी जरा लवकर आले."

अँब्रोजनं तोंड फिरवलं. हसू लपवायची ती त्याची रीत होती. पण ओले कान लाल झाले की ते लपत नसत.

त्यानंतर ती व्हायोलिन हरवलेली नॉर्वेजियन वादक झाली. मग दीपगृहाच्या रखवालदाराची मुलगी झाली. मग मुरंब्याच्या समारंभात ती संत्र्याच्या बाजूची वकील म्हणून आली आणि अँब्रोजनं लिंबाच्या बाजूनं तिची अशी उलटतपासणी घेतली की मागे खऱ्या पाहुण्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. हळूहळू दारावरचं बोलणं लांबू लागलं. आतले सॉसेज रोल संपू लागले. नेरिस आत जाई तेव्हा ताटांमध्ये नुसते कागद उरलेले असत आणि ती त्यातच खूश दिसे.

"तू दारावर फार वेळ असतेस," पॉमफ्री एकदा चिडून म्हणाला. "पोरी, दार ओलांडायचं असतं. तिथं बिऱ्हाड करायचं नसतं."

"तो अडवतो ना."

"मला नाही अडवत."

"तुम्हाला तो घाबरतो."

"मला तो 'या बिशपसाहेब' म्हणतो आणि आत सोडतो! मी बिशप आहे असं मी एकदाही म्हणालो नाही. तू सॉसेज रोलसाठी जातेस की त्या नाकाडासाठी?"

"सॉसेज रोलसाठी," नेरिस म्हणाली आणि पलीकडच्या खिडकीतल्या टोप्या बघू लागली. टोप्या तिला मुळीच आवडत नसत.

एकदा पाऊस थांबला होता, गल्लीत दिव्यांचा उजेड ओल्या फरशीवर पसरला होता, आणि दारावर दोघंच होती. अँब्रोज म्हणाला, "एक विचारू? खरं नाव काय तुमचं?"

"कुणाचं?"

"तुमचं. संध्याकाळी घरी जाऊन बूट काढते, तिचं."

नेरिसनं बरंच काही सांगितलं असतं. तोंडात तीन-चार नावं तयारही होती, त्यांतलं एक रशियन होतं. पण त्याच्या डोळ्यांकडे पाहिल्यावर त्यांतलं एकही बाहेर येईना... आणि खरं नाव तर मुळीच येईना.

"तिला भेटून तुम्हाला कंटाळा येईल," ती शेवटी म्हणाली.

"मी दारावर उभा राहतो, बाईसाहेब. कंटाळ्याची माझी तयारी असते."

ती हसली, पण आत निघून गेली.

मग तो बिस्किटांचा घोटाळा झाला. वजन उतरवणाऱ्या बिस्किटांचा मोठा समारंभ होता. अँब्रोज नेरिसशी एका बुडालेल्या पाणबुडीविषयी वाद घालत राहिला आणि त्याच्या काखेखालून लंडनमधले यच्चयावत लिगर आत गेले. दिवाणखाना असा भरला की बोलावलेल्या पत्रकारांना आत शिरता आलं नाही. त्यांनी फुटपाथवर उभ्या उभ्या चिप्स खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी चिप्सबद्दलच लिहिलं. मिसेस ग्रँगरनी अँब्रोजला बोलावून घेतलं आणि यापुढे एक जरी फुकट्या आत दिसला तरी तुला त्याच छत्रीसकट घरी पाठवीन असं बजावलं.

त्यानं ते नेरिसला सरळ सांगितलं. एका टाइपरायटरच्या समारंभाबाहेर, वाऱ्यात.

"आजपासून मी खरोखरच दार राखणार."

"मग इतके दिवस काय करत होतात?"

"तुमची वाट बघत होतो."

  तिनं कोटाच्या बटणाशी चाळा केला, ते सोडलं, पुन्हा धरलं.

"रविवारी या," अँब्रोज घाईघाईनं म्हणाला, जणू थांबला असता तर राहूनच गेलं असतं. "आईचा वाढदिवस आहे. लुईशॅमला, लिनेट रोडवर. निळं दार आहे, फुगे लावलेले असतील, गलका ऐकू येईलच."

"कशाचं उद्घाटन आहे?"

"कशाचंच नाही."

"मग खायला कशाला देताय?"

"वाढदिवस आहे म्हणून! हॅम आहे, ट्रायफलचं पुडिंग आहे, माझी मावशी आहे..."

"आणि मी येऊ कोण म्हणून?"

अँब्रोजनं छत्री मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"जी आहात ती म्हणून. दारात मीच असेन. खरं नाव सांगा, एवढंच. दुसरं सांगितलंत तरी आत घेईन, नेहमी घेतोच. पण मग मला कळेल की मी तुमच्या लेखी एक दार आहे. बाकीच्या दारांसारखं. आणि मग मी..." तो थांबला. "मग मी पुन्हा नाही विचारणार. रागानं नाही. पण नाही विचारणार."

एवढं बोलून तो आत वळला आणि काचेच्या दारावर आपटला.

शनिवारभर नेरिसनं गोदामातल्या आरशासमोर तालीम केली. "मी नेरिस प्रोबर्ट." फारच रडकं. "नेरिस प्रोबर्ट, नमस्कार." हे इन्शुरन्स विकणाऱ्यासारखं. बोलिव्हियाच्या वेळी तिला तालीम लागली नव्हती. रविवारी तिनं फुलं घेतली. समारंभाला जाताना हातात काही असण्याची सवय नसल्यामुळे ती फुलं कशी धरायची हेच तिला कळेना. बसमध्ये ती त्यांना मांडीवरच्या मांजरासारखी दाबून बसली.

लिनेट रोडवर एकाला एक चिकटलेली घरं होती. निळं दार, फुगे, गलका. सगळं सांगितल्यासारखं. आता, घराचा नंबर बघायची साधी गोष्ट कुणीही केली असती. पण लिगर नंबर बघत नाही. नंबर बघणारा माणूस नवखा ठरतो, आणि नवख्याला अडवतात. मुरलेला लिगर गर्दीकडे बघतो, तिच्या चालीत चाल मिसळतो आणि आपल्याच घरी आल्यासारखा आत जातो. समोर चार माणसं केकचं मोठं खोकं तिरकं करून दारातून आत नेत होती. नेरिसच्या पायांनी तिला विचारलंच नाही. ती खोक्याच्या पाचव्या कोपऱ्याला हात लावून आत होती.

"तू कोण गं?" एका जाड्या माणसानं धापा टाकत विचारलं.

"कार्डिफची," नेरिसचं तोंड म्हणालं. "आयरीनची..."

"अगं बाई, आयरीनची!" एक बाई किंचाळली. "बघा, आयरीनची आलीय! हुबेहूब तेच कपाळ!"

प्रत्येक कुटुंबात एक आयरीन असते, हे पॉमफ्रीनं शिकवलेलं. ते कधी चुकत नसे.

कुणी कोट घेतला, कुणी फुलं घेतली, कुणी पेला दिला, कुणी केकचा तुकडा, कुणी आणखी एक. आणि दुसरा घशात असतानाच नेरिसला कळलं की आपण काय केलं. त्याच्या घरात, त्याच्या आईच्या वाढदिवसाला, पहिल्याच श्वासाला थाप. कुणी मागितली नसताना! तिनं घाबरून सगळीकडे पाहिलं. अँब्रोज कुठंच नव्हता. दारातही नव्हता. मग तिनं भिंतीवरचे फोटो पाहिले. लांब नाक एकाही फोटोत नव्हतं. सगळी नाकं बटाट्यासारखी होती.

तेवढ्यात कुणीतरी तिच्या हातात बाळ दिलं.

पांढऱ्या झालरीतलं, चार महिन्यांचं, अगदी गंभीर बाळ. आज त्याचं बारसं होतं. चर्चमधून सगळे नुकतेच आले होते. "चला, मागच्या अंगणात चला, फोटो!" जाडा ओरडला. आणि नेरिस बाळासकट अंगणात ढकलली गेली.

अंगणाला पुरुषभर उंचीचं लाकडी कुंपण होतं. पलीकडून आवाज आला, "अँबी, ये ना रे आत. ट्रायफल बसलं पार. नाही येत ती मुलगी आता."

"येईल," दुसरा आवाज म्हणाला. हा आवाज तिनं पावसात, वाऱ्यात, गल्लीबोळांत ऐकला होता. "एवढी खुर्ची नेतो, मग पुन्हा पुढं जाऊन उभा राहतो."

"सकाळपासून दारात उभा आहेस! आठवडाभर तेच करतोस, रविवारी तरी बस."

म्हणजे टिलिंगांचं घर पलीकडचं होतं. पळून जाणं सोपं होतं. बाळ पहिल्या दिसेल त्या मावशीकडे द्यायचं, कोट विसरायचा, पुढच्या दारानं बाहेर पडून शेजारी जायचं आणि गोड आवाजात खरं नाव सांगायचं. अँब्रोजला कधी कळलंही नसतं. तिनं मावशी हेरलीसुद्धा.

पण जाड्यानं चमच्यानं पेला वाजवला. "मंडळी! बाळाची धर्ममाता विमानतळावर अडकलीय. तिच्या जागी आयरीनची ही पोर आहे. कार्डिफहून आलीय बिचारी! तीच दोन शब्द बोलेल. हं, बोल गं."

पेले वर गेले. सगळी बटाट्यासारखी नाकं तिच्याकडे वळली. नेरिसला अशी भाषणं तोंडपाठ होती. आयरीनच्या आठवणीनं ती आख्खं अंगण रडवू शकली असती. तिनं तोंड उघडलं. बाळ तिच्याकडे बघत होतं. त्याला नाव मिळून दोन तासही झाले नव्हते आणि ते किती ऐटीत बसलं होतं.

"हे बाळ..." ती म्हणाली. "हे बाळ कुणाचं आहे, मला माहीत नाही."

कुणीतरी हसलं, विनोद समजून.

"आयरीनला मी ओळखत नाही. मी कार्डिफलाही एकदाच गेलेय, बस बदलायला. मला कुणी बोलावलेलं नाही. म्हणजे बोलावलंय, पण शेजारी. मी चुकले. मी नेहमी अशीच शिरते, मला दुसरं काही येतच नाही." तिचा आवाज चढत चालला होता, कारण थांबली असती तर संपलंच असतं. "माझं नाव नेरिस प्रोबर्ट. मी बटणांच्या दुकानात कारकून आहे. बस्स. एवढीच आहे मी."

वर गेलेले पेले एकेक करून खाली आले. मग मघाची किंचाळणारी बाई पुढं आली आणि थंडपणे म्हणाली, "आमचं बाळ दे आधी."

नेरिसनं दिलं.

"पोलिसांना बोलवा!" जाडा म्हणाला. "केक उचलायला लावला मी हिला!"

"गप रे," खुर्चीतली म्हातारी आजी म्हणाली. "आयरीनला तरी आपल्यातलं कोण धड ओळखतं? पोरी, केक खाल्लास का?"

"दोनदा," नेरिस म्हणाली आणि रडू लागली.

कुंपणाच्या वर आधी ओले कान आले. आज पाऊस नव्हता, त्यानं केस विंचरताना पाणी लावलं होतं. मग लांब नाक आलं. अँब्रोज बहुतेक त्याच खुर्चीवर चढला होता.

"पुन्हा सांगा," तो म्हणाला.

"सगळं?"

"नाव."

"नेरिस." तिनं बाहीनं नाक पुसलं. "प्रोबर्ट. घोड्याचा दात मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. आणि मी तुमच्या दारात हेच सांगणार होते, शनिवारभर पाठ केलं होतं... पण मी इथं थाप मारून बसले. हे तुमचंच घर असं समजून मारली. तेव्हा ती तुमच्याच दारातली धरा. मी जाते."

"नेरिस," अँब्रोज म्हणाला. मग पुन्हा, जरा सावकाश, "नेरिस." त्याचे कान लाल झाले, आणि या वेळी त्यानं तोंड फिरवलं नाही. "वळसा घालून ये. पुढच्या दारानं. मी उघडतो."

त्याच्या तोंडून 'ये' निघाल्याचं दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

ती त्या घरातून बाहेर पडली, सगळ्यांच्या नजरांमधून. जाड्यानं कोट अंगावर फेकला, आजीनं फुलं हातात दिली. पुढं काय झालं ते लुईशॅममध्ये अजून निरनिराळ्या तऱ्हेनं सांगतात. पण एवढं नक्की की बारशाच्या मंडळींना गोष्टीचा शेवट बघायचा होता आणि त्यांच्याकडची सफरचंदाची सायडरही संपली होती. नेरिस टिलिंगांच्या दारात पोचली तेव्हा तिच्यामागे आजीची खुर्ची उचलून सगळं बारसं उभं होतं.

अँब्रोजनं दार उघडलं. एवढी बिनबोलावलेली माणसं त्यानं एकदम कधी पाहिली नव्हती. त्यानं कुणालाच अडवलं नाही.

"ही नेरिस," तो आईला म्हणाला.

"ये गं, ये," मिसेस टिलिंग म्हणाल्या. तिला त्यांनी खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. "काय करतेस तू, बाळा?"

नेरिसनं सवयीनं श्वास घेतला. मग तो सोडला.

"बटणं," ती म्हणाली. "शिंपल्याचं बटण आणि प्लॅस्टिकचं, दोन्ही दिसायला सारखीच. ओठाला लावायचं. शिंपल्याचं गार लागतं."

"खरं?" अँब्रोजनं विचारलं.

"खरं."

"मग आणखी सांग."

तिनं सांगितलं. गलक्यात तिला ओरडून सांगावं लागत होतं आणि त्याला वाकून ऐकावं लागत होतं, इतकं की लांब नाक जवळजवळ तिच्या केसांत. बाळ मावशीच्या मांडीवर झोपलं होतं. हॅमची मोठी बशी या हातातून त्या हातात, जाड्याजवळ जरा जास्तच रेंगाळत, सबंध खोली फिरून अखेर त्या दोघांपर्यंत आली, तेव्हा तिच्यात सजावटीच्या पार्सलीची एक काडी तेवढी उरली होती.

अँब्रोजनं काडीचे दोन तुकडे केले. मोठा तिला दिला.